पहिल्यांदाच सिंफनी ऐकायला निघालात? एनसीपीएची संध्याकाळ अशी आखा

आपल्या कानावर दिवसभर जे संगीत पडतं ते जवळजवळ सगळं स्पीकरमधून आलेलं असतं. मंडपातली आरती, लग्नाच्या हॉलमधली सनई, गाडीतली गाणी, मोबाईलवरचं जुनं नाट्यपद. हल्ली नाटकातल्या नटाच्या गालालाही माइक चिकटलेला असतो आणि गाण्याच्या बैठकीत तंबोऱ्यापुढेही एक माइक उभा असतो. त्यामुळे ऐंशी-नव्वद वादक एकत्र बसून एकाही माइकशिवाय वाजवतात तेव्हा हजार माणसांच्या सभागृहात काय घडतं, हे आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. मीही पस्तिशीपर्यंत ऐकलं नव्हतं. डोंबिवलीत राहून, रोज लोकलनं सीएसएमटीला ये-जा करूनसुद्धा.

अशा मोठ्या वाद्यवृंदाला सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणतात, आणि अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेला सिंफनी. ते ऐकायला मिळतं नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीएमध्ये, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या कलाकेंद्रात. ज्यांना तिथं जायचं मनात आहे पण काय घालायचं, कुठे बसायचं, टाळ्या कधी वाजवायच्या, परतीची गाडी मिळेल का, असल्या शंकांनी जे अडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

"ती आपली जागा नाही," असं आमच्या नात्यागोत्यात मी पुष्कळदा ऐकलंय. ते खरं नाही. पु. ल. देशपांडे या संस्थेचे मानद संचालक होते. डॉ. अशोक दा. रानडे यांनी इथे संगीत-संशोधनाचं मोठं काम केलं. विजयाबाई मेहता कित्येक वर्षं इथल्या कार्यकारी संचालक होत्या. 'प्रतिबिंब' हा मराठी नाट्यमहोत्सव इथेच भरतो. तेव्हा बिचकू नका. तिकीट काढलं की ती खुर्ची तुमची.

आधी सभागृह कोणतं ते पाहा

एनसीपीए हे एकाच नाट्यगृहाचं नाव नाही, आणि नवख्याची पहिली गफलत इथेच होते. एका आवारात पाच रंगमंच आहेत. जमशेद भाभा थिएटर सर्वांत मोठं, १,१०९ खुर्च्यांचं. त्याखालोखाल टाटा थिएटर, १,०१० खुर्च्यांचं. मग एक्स्पेरिमेंटल थिएटर ३०० चं, गोदरेज डान्स थिएटर २०० चं आणि लिटल थिएटर ११४ चं. दारं वेगवेगळी आहेत आणि एकाच संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी कार्यक्रम असू शकतात. पहिल्या खेपेला मी टाटा थिएटरच्या दाराशी शांतपणे रांगेत उभा राहिलो आणि माझा कार्यक्रम होता जमशेद भाभामध्ये. धावत पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. पहिली रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागलं. तिकिटावर सभागृहाचं नाव असतं, ते घरातून निघतानाच वाचून ठेवा.

संस्थेची स्थापना १९६९ ची. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी ती उभी केली. जमशेद हे शास्त्रज्ञ होमी भाभांचे धाकटे बंधू. आजची वास्तू समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभी आहे. टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. त्याचा आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांचा आणि आवाजाचं गणित सिरिल हॅरिस यांचं. पंख्यासारखं उघडलेलं हे सभागृह आपल्या संगीतासाठी फार चांगलं आहे, कारण मागच्या रांगेतूनही गवयाचा चेहरा वाचता येतो. भरलेल्या सभागृहात असूनही बैठकीला बसल्यासारखं वाटतं.

जमशेद भाभा थिएटर पुढे १९९९ मध्ये उघडलं. बांधकाम चालू असताना १९९७ मध्ये तिथे मोठी आग लागली होती, बरंच काही जळून गेलं आणि त्यातून ते पुन्हा उभं केलं गेलं. ऑपेरा, बॅले आणि मोठा ऑर्केस्ट्रा यांसाठीच ते बांधलेलं आहे. सिंफनीचे कार्यक्रम बहुतेक इथेच होतात, म्हणून पुढचं सगळं मी याच सभागृहाला धरून सांगतो.

काय ऐकायला जायचं

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा देशातला पहिला व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो २००६ मध्ये एनसीपीएतच उभा केला. त्याचे मुख्य हंगाम वर्षातून दोनदा असतात, साधारण सप्टेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या आसपास. मुंबईचेच झुबिन मेहता यांनीही २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, कंडक्टर म्हणून या ऑर्केस्ट्राचं संचालन केलं होतं. अशा नावाजलेल्या पाहुण्यांची तिकिटं हा हा म्हणता संपतात. पहिल्या भेटीसाठी त्यांच्या मागे लागायची गरज नाही.

पहिल्या वेळी असा कार्यक्रम निवडा ज्यात 'कन्चेर्टो' आहे. कन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे, बहुधा पियानो किंवा व्हायोलिनचा, आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. आपल्याला मुख्य कलाकार आणि साथीदार ही मांडणी अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे कान कुठे ठेवायचा हे आपोआप कळतं. साधारण आखणी अशी असते : सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांची एक छोटी रचना, मग अर्ध्या तासाचा कन्चेर्टो, मध्यंतर आणि त्यानंतर पाऊण तासाची सिंफनी. सगळं मिळून दोन तास, सव्वादोन तास. पहिल्याच भेटीत ऑपेरा नको, असं माझं मत. त्यात कथा, परकी भाषा, नेपथ्य, गाणं, सगळं एकदम अंगावर येतं आणि वाद्यवृंदाचा आवाज निवांत ऐकणं राहून जातं.

कार्यक्रमपत्रिका आधीच जाहीर होते. त्यातल्या मुख्य दोन रचना घरी हेडफोन लावून किमान दोनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं पडून ऐका. दुसऱ्यांदा घड्याळ पुढे ठेवा आणि रचना कुठे कुठे थांबते त्याची नोंद घ्या. टाळ्यांच्या वेळी ती उपयोगी पडते. एखादं गाणं ओळखीचं असलं की मैफलीत ते आल्यावर कसं बरं वाटतं, तसं इथेही होतं. सिंफनी पाठ असायला नको, पण दोन-तीन ओळखीचे चेहरे असले की मोठ्या घरातही परकं वाटत नाही.

तिकीट आणि खुर्ची

तिकिटं एनसीपीएच्या संकेतस्थळावर, बुकमायशोवर आणि आवारातल्या तिकीट खिडकीवर मिळतात. सभासदांना आधी बुकिंग खुलं होतं, मग सर्वांना. दर कार्यक्रमागणिक बदलतात. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. शिवाय आवारात वर्षभर काही कार्यक्रम विनामूल्यही असतात आणि बहुधा त्यांना आधी येणाऱ्याला आधी प्रवेश असतो.

आता खुर्ची. यावर जरा थांबतो, कारण पैसे कुठे घालायचे हे इथेच ठरतं.

नाटकाची सवय असलेला माणूस पहिल्या चार रांगांसाठी धडपडतो. सिंफनीला ते करू नका. पहिल्या रांगांतून व्हायोलिनवाल्यांचे बूट आणि खुर्च्यांचे पाय छान दिसतात, पण मागे बसलेले बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न अशा फुंकीच्या वाद्यांचे वादक दिसतच नाहीत. आवाजही समोरच्या दहा वादकांचाच जास्त येतो. ऑर्केस्ट्राचा आवाज एकमेकांत मिसळायला थोडं अंतर लागतं. तळमजल्याच्या मधल्या रांगा किंवा बाल्कनीच्या पुढच्या रांगा सगळ्यांत चांगल्या. त्यातही बाल्कनी मला स्वतःला अधिक आवडते. वरून पूर्ण मंच ताटासारखा मांडलेला दिसतो. एखादी सुरावट व्हायोलिनकडून चेलोकडे, म्हणजे उभं धरून वाजवायच्या खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनकडे गेली, तिथून मागे हॉर्नकडे, हे डोळ्यांनी पाहता येतं आणि नवख्याला त्याची फार मदत होते. बाल्कनीचं तिकीट बऱ्याचदा स्वस्तही असतं.

टाळायची जागा म्हणजे तळमजल्याच्या अगदी शेवटच्या रांगा, जिथे डोक्यावर बाल्कनीचं छत येतं. कुठल्याही सभागृहात या छताखाली वरून परतून येणारा आवाज अडतो आणि संगीत खोलीच्या दारातून ऐकल्यासारखं लागतं.

पियानो कन्चेर्टो असेल तर डावीकडची खुर्ची घ्या, म्हणजे आपण मंचाकडे तोंड करून बसल्यावर आपल्या डावीकडची. पियानो असा ठेवतात की पट्ट्या त्या बाजूला येतात आणि वादकाची बोटं तिथूनच दिसतात. उजवीकडे बसलात तर वादकाचा चेहरा दिसेल, हात नाही. मी एकदा मुलीला मुद्दाम डावीकडे बसवलं होतं. ती पेटी शिकते. पूर्ण अर्धा तास तिची स्वतःची बोटं मांडीवर हलत होती.

तारीख पक्की करण्याआधी

सप्टेंबरचा हंगाम गणपतीच्या दिवसांना लागून येतो. विसर्जनाच्या दिवशी, त्यातून अनंत चतुर्दशीला, गिरगाव चौपाटीकडचे रस्ते बंद असतात आणि मरीन ड्राइव्हवर गाडीनं जायचा विचारही करू नये. कार्यक्रम बहुधा ते दिवस सोडूनच ठेवतात, तरी पाच आणि सात दिवसांच्या विसर्जनाची तारीख कॅलेंडरवर बघून घ्या.

दुसरं, वानखेडे. सामना असेल त्या संध्याकाळी चर्चगेटचे फलाट आणि आजूबाजूच्या टॅक्सी सगळ्या त्या गर्दीच्या ताब्यात जातात. आयपीएलच्या दिवसांत वेळापत्रक पाहिल्याशिवाय मी तिकीट काढत नाही.

तिसरं, रविवारचा मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बर मार्गावर तो बहुतेक रविवारी असतो, दुपारी चार-साडेचारपर्यंत. रविवारचा कार्यक्रम पाच वाजताचा असला तर कल्याण-डोंबिवलीकडून निघणाऱ्यानं एक तास जादा धरावा.

पोचायचं कसं

पश्चिम रेल्वेवाल्यांना सोपं आहे. चर्चगेटला उतरा, तिथून पायी वीस-पंचवीस मिनिटं. वीर नरिमन रस्त्यानं मरीन ड्राइव्हवर यायचं, डावीकडे वळायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून सरळ टोकापर्यंत चालायचं. चुकायला जागाच नाही. चालायचं नसेल तर काळी-पिवळी करा, भाडं किरकोळ होतं. टॅक्सीवाल्याला "एनसीपीए" म्हटलं की कळतं.

मध्य आणि हार्बरवाल्यांची पूर्वी पंचाईत होती. सीएसएमटीवरून टॅक्सीची रांग किंवा बेस्टची वाट. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि हे दुखणं गेलं. सीएसएमटीला मेट्रो धरायची, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि तिसरं स्थानक विधान भवन, तिथे उतरायचं. तिथून बाहेर पडलात की एनसीपीए चालत पंधरा मिनिटांच्या आत. ऐन सहा-साडेसहाला कचेऱ्या सुटलेल्या असतात, रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या असतात आणि जमिनीखालून आपण मात्र निवांत जातो. अंधेरी-घाटकोपरकडचे लोक मरोळ नाक्याला मेट्रो १ वरून ३ वर बदलू शकतात.

पुण्याहून येणाऱ्यांना एक सांगायचं. सकाळी डेक्कन क्वीननं येणं सोयीचं असलं तरी तिची परतीची गाडी संध्याकाळी पाचच्या सुमारासच सुटते, म्हणजे कार्यक्रमानंतर तिचा उपयोग नाही. एक तर रात्री दादरहून शिवनेरी धरा, नाहीतर नातेवाइकांकडे मुक्काम करा. नाशिककरांनी मुक्कामच करावा. रात्रीच्या गाडीची धाकधूक मनात असली की शेवटची सिंफनी ऐकूच येत नाही, लक्ष घड्याळाकडे राहतं.

वेळेचा हिशेब मी असा करतो. कार्यक्रम सातचा, तर मी सव्वासहाला आवारात. फाटकावर बॅग तपासतात, तिकिटाचा क्यूआर दाखवायचा असतो, स्वच्छतागृहाला जाऊन यायचं असतं. आणि हिवाळ्यात निघालात तर अजून अर्धा तास आधी या. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सूर्य बुडताना पाहायचा, सायकलवाल्याकडून कटिंग घ्यायचा, मग आत शिरायचं. लोकलचा खडखडाट कानातून उतरायला तेवढा वेळ लागतोच.

कपडे, पोट, पिशवी

कपड्यांची सक्ती काही नाही. सूट-टाय घातलेले दिसतील, साड्या दिसतील, जीन्समधले विद्यार्थीही दिसतील. कचेरीतून तसेच गेलात तरी चालतं. मात्र एसी कडक असतो. शाल किंवा जाकीट हवंच, म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच. उग्र अत्तर टाळा. शेजारच्याला दोन तास तुमच्या बाजूलाच बसायचं असतं.

सभागृहात खाणं-पिणं नेता येत नाही. इथे मध्यंतराचा बटाटेवडा नाही, त्यामुळे पोटाचं आधी बघून घ्या. आवारात खाण्याची सोय आहे, पण ती महाग पडते. आम्ही घरून निघताना पोळी-भाजी खाऊनच निघतो. रिकामं पोट शांत सुरावटीत बरोबर कुरकुरतं, आणि त्या शांततेत ते दोन खुर्च्या पलीकडे ऐकू जातं.

खोकला असेल तर खडीसाखर किंवा लवंग तोंडात धरा. गोळी असेल तर तिचा कागद आधीच, बाहेर असतानाच, काढून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी खुर्चीखाली ठेवा आणि मग तिला हात लावू नका. बांगड्या खूप असतील तर त्यांचाही विचार करा. माइक नसतो म्हणून हे सगळं. मंचावरचा सगळ्यांत बारीक आवाज आणि तुमच्या पिशवीची चुरचुर, दोन्ही हवेतून सारख्याच हक्कानं प्रवास करतात. मोबाईल व्हायब्रेटवर ठेवू नका, बंद करा. फोटो आणि चित्रीकरणाला मनाई असते, आणि अंधारात पेटलेला पडदा मागच्या पाच रांगांना दिसतो.

आत बसल्यावर

नाटकाला जशी तिसरी घंटा, तशी इथेही घंटा होते. त्या आधी खुर्चीत असा. वादक एकेक करून येऊन बसतात, आपापली वाद्यं फुंकतात, घासतात, पडद्याआड काहीच राखलेलं नसतं. मग व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरचा वादक येतो, त्याला कॉन्सर्टमास्टर म्हणतात. त्याला टाळ्या द्यायच्या.

आणि त्यानंतर जे होतं त्यासाठी कान उघडे ठेवा. कॉन्सर्टमास्टर खूण करतो आणि मधून कुठून तरी एकटा ओबो एक सूर धरतो. किंचित नाकातला, सरळ, न हलणारा. तो सूर म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. सगळे दिवे मंद झालेले असतात, माणसं गप्प झालेली असतात आणि त्या एका सुरावर आधी फुंकीची वाद्यं येऊन टेकतात, मग व्हायोलिनं, मग खालून चेलो आणि डबल बास. कुणी वर असतो, तो खाली सरकतो. कुणी पडलेला असतो, तो वर येतो. अर्ध्या मिनिटात ऐंशी माणसं एका जागी येतात. दोन तंबोरे जुळताना खोलीत जो फरक पडतो, तो अख्ख्या सभागृहाला झालेला ऐकायचा असेल तर हे अर्धं मिनिट चुकवू नका. पहिल्या खेपेला मी बाहेर होतो, मला ते मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला मिळालं आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आतच डोळे भरून आले. वडील तंबोरा लावत तेव्हा आम्हा मुलांना बोलू द्यायचे नाहीत, ते आठवलं.

मग संचालक, म्हणजे समोर उभा राहून हातांच्या खुणांनी सगळ्यांकडून वाजवून घेणारा कंडक्टर, येतो, पुन्हा टाळ्या, आणि सुरुवात.

आता टाळ्यांचं. आपल्याकडे समेवर आलं की "वा!" जातंच तोंडातून, आणि ते जायलाच हवं, गवय्याला त्याचीच वाट असते. इथला रिवाज उलटा आहे. सिंफनीचे साधारण चार भाग असतात, कन्चेर्टोचे तीन. त्यांना मूव्हमेंट म्हणतात. दोन भागांच्या मध्ये काही क्षण शांतता असते, लोक खोकून घेतात, वादक पानं उलटतात. तिथे टाळी वाजवायची नाही. बोलता बोलता माणूस श्वास घेतो, तशी ती जागा असते. पत्रिकेत प्रत्येक रचनेखाली भाग लिहिलेले असतात. ते बोटांवर मोजत जा. तरी शंका आली तर संचालकाच्या हातांकडे पाहा. हात वरच असले तर रचना संपलेली नाही. हात खाली आले, तो प्रेक्षकांकडे वळला, की मनसोक्त वाजवा.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग असा धडाक्यात संपतो की जगभर लोक टाळ्या वाजवून बसतात. पण अजून चौथा भाग उरलेला असतो, आणि तो अगदी हळू, विझत जाणारा आहे. ही रचना पत्रिकेत दिसली तर तयारीत राहा.

शेजारच्यानं चुकून मध्येच टाळी वाजवली तर त्याच्याकडे डोळे वटारून पाहू नका. हा गप्प बसण्याचा रिवाज जुनापुराणा नाहीच. मोझार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपली सिंफनी चालू असतानाच टाळ्या पडल्याचं मोठ्या आनंदानं कळवलं आहे. शांत बसण्याची शिस्त नंतर, एकोणिसाव्या शतकात रुजली. तिचा फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे, की अगदी हळू वाजणारी जागा ऐकू येते. पन्नासएक तंतुवाद्यं एकाच वेळी जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू वाजतात तेव्हा आवाज मंचावरून येतोय असं वाटतच नाही. हवाच वाजतेय असं वाटतं. स्पीकर हे कधीच देऊ शकत नाही, आणि मी लोकांना तिथे जा म्हणतो ते या एका गोष्टीसाठी.

लक्ष उडालं तर? उडतंच. पाऊण तासाची सिंफनी सलग कुणी ऐकत नाही. तेव्हा एक वाद्य निवडा आणि त्याच्याच मागे जा. मी बहुधा टिंपनीवाल्याकडे बघतो, मागचे ते मोठे तांब्याचे नगारे. तो बराच वेळ नुसता बसलेला असतो, मध्येच वाकून कान कातड्याजवळ नेतो, बोटानं हलकेच टिचकी मारून सूर तपासतो, कारण पुढच्या प्रवेशाला त्याला वेगळा सूर हवा असतो. तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असतो तोच भाव.

मध्यंतरात

वीस मिनिटं असतात. स्वच्छतागृहाची रांग मोठी, म्हणून लगेच उठा. मग फॉयरमधला, म्हणजे सभागृहाबाहेरच्या दालनातला संगमरवरी जिना पाहा. मलबार हिलवरच्या पेटिट हॉल या जुन्या पारशी वाड्यातून तो इथे आणून बसवलेला आहे. पत्रिका उरलेल्या वेळात वाचा. घंटा झाली की परत.

मुलं आणि ज्येष्ठ

मुलांसाठी वयाची अट कार्यक्रमाच्या माहितीत दिलेली असते, तिकीट काढताना ती वाचा. दारात वाद घालून उपयोग होत नाही. अट बसत असली तरी मूल दोन तास गप्प बसू शकेल का, हे आईवडिलांनाच ठाऊक. रांगेच्या कडेची खुर्ची घ्या, म्हणजे गरज पडली तर दोन भागांच्या मध्ये उठता येईल. ज्यांना जिने चढवत नाहीत किंवा चाकाची खुर्ची लागते त्यांच्यासाठी आदल्या दिवशीच तिकीट खिडकीला फोन करून ठेवा आणि तळमजल्याचंच तिकीट काढा. आईला घेऊन गेलो तेव्हा मी तसंच केलं होतं, आणि टॅक्सी थेट पोर्चपर्यंत आणता येते हेही तेव्हाच कळलं.

परतताना

सातचा कार्यक्रम सव्वानऊपर्यंत संपतो. शेवटच्या टाळ्या लांबतात, संचालक दोन-तीनदा आत जाऊन बाहेर येतो, कधी एखादी छोटी जादा रचना वाजते. ती ऐकूनच उठा. दाराशी रेटारेटी करून पाच मिनिटं वाचतात, पण त्या वेळी बाहेर टॅक्सी मिळतच नाही. अॅपवरच्या गाड्यांचे दरही तेव्हाच चढलेले असतात.

मेट्रो लोकलच्या बरीच आधी बंद होते, पण साडेनऊला ती आरामात मिळते. चर्चगेटहून बोरिवलीकडच्या लोकल मध्यरात्र उलटेपर्यंत असतात. सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याकडच्या शेवटच्या गाड्या बाराच्या आसपासच्या. म्हणजे घाई कुणालाच नको.

पाऊस नसेल तर आम्ही चर्चगेटपर्यंत चालतच जातो. समुद्र या वेळी डाव्या हाताला. वीर नरिमन रस्त्याला वळल्यावर के. रुस्तमचं जुनं आइस्क्रीमचं दुकान लागतं, १९५३ पासूनचं. जाड वडी, वर-खाली एकेक वेफर, हातात धरून चावत चावत खायची. मुलगी अक्रोडाची घेते, मी साधी. मग दहा-सव्वादहाची बोरिवली स्लो दादरपर्यंत, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे. डब्यात बसायला जागा मिळते. हेडफोन लावू नका. त्या रात्री ऐकलेलं अजून कानात असतं.